‘लाइन’ या शब्दाचे तुमच्याकडचे अर्थ सांगा

पाटीपेन्सिल

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीला इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात चाचणीत दहा सोप्या शब्दांची वाक्यं करायला दिली होती. त्यात एक शब्द होता लाइन. बहुतेकांनी पुस्तकातलंच वाक्य उतरवलं, ‘आय ड्रॉ अ लाइन’. एका मुलानं मात्र लिहिलं, ‘नाइट लाइन कम, माय फादर गो फार्म.’

मी लाल पेनानं ‘लाइन’ खोडलं, वर ‘इलेक्ट्रिसिटी’ लिहिलं, क्रियापदं सुधारली आणि दोनपैकी अर्धा गुण दिला. पेपर हातात घेऊन तो जरा वेळ तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, ‘पण मॅडम, शब्द लाइनच दिला होता ना.’

तेव्हा घंटा झाली म्हणून मी पुढच्या वर्गावर गेले. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. रात्री जाड इंग्रजी कोश काढला आणि लाइनची नोंद वाचायला बसले. नोंद संपता संपेना. दोरी, रेघ, ओळ, रांग, सुरकुती, लोहमार्ग, टेलिफोनची तार, गळाची दोरी, घराणं, धंदा, भूमिका, नाटकातलं वाक्य, सैन्याची फळी, कपड्याला आतून अस्तर लावणं, सगळं त्या एका शब्दात. आणि मुळाशी काय, तर लॅटिन ‘लिनेआ’, म्हणजे धाग्याची दोरी. ती ज्या धाग्याची, त्या झाडाचं नाव ‘लिनम’. लिनम म्हणजे आपलं जवस!

माझं माहेर वाशीमकडचं. आजी हरभऱ्याच्या कडेनं जवसाची दोन तासं टाकायची. सकाळी त्याला निळी फुलं यायची आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडायच्या. जवस तव्यावर भाजताना तडतडायचं, मग त्यात लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. भाकरीवर ही चटणी आणि वरून कच्चं तेल. ते जवस ‘लाइन’च्या पोटात बसलेलं आहे हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आपल्याकडे ते बियांसाठी पेरतात. युरोपात त्याच जातीच्या झाडाची खोडं पाण्यात कुजवून धागा काढायचे, त्याचं कापड ते लिनन. झाडाचं शास्त्रीय नाव लिनम उसिटाटिसिमम, दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अतिशय उपयोगी’.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या गावात, तुमच्या धंद्यात लाइन म्हणजे काय? आणि त्या मुलाचं वाक्य मी खोडायला हवं होतं का?

---

फलाटावरची

पाटीपेन्सिल ताई, आमच्या मुंबईत लाइन म्हणजे पत्ताच असतो. नवीन माणूस भेटला की गाव विचारायच्या आधी विचारतात, ‘कुठल्या लाइनला राहता?’ वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. माझं माहेर डोंबिवली, सासर बोरिवली. लग्न ठरलं तेव्हा आजी आईला म्हणाली होती, ‘अगं, लाइन बदलते आहे पोरीची, दादरला उतरून जिना चढायची सवय करायला सांग.’ रविवारी मेगाब्लॉक असला की दोन्ही घरांच्या भेटी रद्द.

मरीन लाइन्स स्टेशनबद्दल एक सांगते. मला कितीतरी वर्षं वाटायचं की हे नाव रेल्वेच्या लाइनवरून पडलं असेल, नाहीतर समुद्रकिनाऱ्याच्या रेषेवरून. तसं नाही. तिथं ब्रिटिशांच्या मरीन बटालियनच्या बराकी होत्या, त्यांना मरीन बटालियन लाइन्स म्हणायचे. म्हणजे ती लाइन सैनिकांच्या घरांच्या रांगांची. रेल्वे नंतर आली आणि नाव घेऊन बसली.

---

छावणीकर

फलाटावरची यांचं बरोबर आहे. छावणीत बराकी एका रांगेत बांधत म्हणून ‘लाइन्स’. नागपूरचं सिव्हिल लाइन्स म्हणजे लष्कराबाहेरच्या साहेब लोकांच्या बंगल्यांची वस्ती. धारवाडला पेढे घ्यायला ज्या लाइन बझारात जातो, तिथलं ‘लाइन’ही याच कुळातलं. पोलीस लाइन तर प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला असते. मी पोलीस लाइनीत वाढलो. आम्ही घर म्हणायचोच नाही, ‘लाइनीत चल’ म्हणायचो.

---

निवृत्त वायरमन

मॅडम, मी ३१ वर्षं वीज खात्यात लाइनमन होतो. पहिले हेल्पर, मग वायरमन, मग लाइनमन. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण ते माझ्या कामातलं आहे. त्या पोरानं लिहिलं ते बरोबर होतं. तुम्ही वर लिहिलेला शब्द त्याच्या शब्दापेक्षा ढिला आहे.

खेड्यात ‘लाइट’ आणि ‘लाइन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाइट म्हणजे घरातला बल्ब, पंखा, टीव्ही. लाइन म्हणजे वावरातल्या मोटरीला लागणारी थ्री फेज, तीन तारांतून येणारी वीज. पूर्वी थ्री फेजची वेळ संपली की एक फेज चालू ठेवायचे, म्हणून घरात दिवा जळायचा पण मोटर उचलायची नाही. नंतर पुष्कळ ठिकाणी गावठाणाचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघणारी मुख्य तार, वेगळा आणि शेतीचा वेगळा झाला. म्हणून आमच्याकडे बाई सांगते, ‘घरी लाइट आहे, पण लाइन नाही.’ शहरातल्या माणसाला यात विसंगती वाटते. आम्हाला दोन्ही अर्धी वाक्यं लागतात.

शेतीच्या लाइनीचं वेळापत्रक असतं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीची लाइन अकराला येवो की दोनला, ती आली की माणूस उठलाच पाहिजे. बॅटरी घ्यायची, काठी घ्यायची, गमबूट असले तर घालायचे, नाहीतर चपलेवर जायचं. स्टार्टर दाबायचा, मोटर पाणी उचलते का ते कान लावून ऐकायचं, मग दांडातून पाणी फोडत एकेका सरीला द्यायचं. हरभऱ्याला पाणी द्यायचे ते थंडीचे दिवस असतात. साप असतो, रानडुक्कर असतं. मधेच एक फेज उडाला तर मोटर जळते, म्हणून तिला सोडून झोपताही येत नाही. पोरानं लिहिलं ‘लाइन कम, फादर गो’. ‘इलेक्ट्रिसिटी कम’ लिहिलं असतं तर बाप गावातच राहिला असता.

आमच्या कामात आणखी एक लाइन आहे. पोलवर चढायच्या आधी सबस्टेशनवरून परमिट घ्यायचं. ऑपरेटर फोनवर सांगतो, ‘लाइन बंद केली.’ तरी विश्वास ठेवायचा नाही. रॉडनं तार शॉर्ट करून अर्थिंग करायची, म्हणजे जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा. घाईत हे न करणारे दोन जोडीदार मी गमावले. त्यामुळे ‘लाइन’ हा शब्द मी आजही हळू आवाजात बोलतो.

---

पाटीपेन्सिल

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘बाप गावातच राहिला असता’ हे वाचून पेपर परत काढून बघितला. मी या भागात १४ वर्षं राहते आणि ‘लाइट आहे, लाइन नाही’ हे रोज ऐकते. ऐकून सोडून दिलं होतं. उद्या शाळा आहे, काय करायचं ते करीन आणि इथं कळवीन.

---

ओळंबा

मी बांधकामातला माणूस आहे, साताऱ्याकडचा. ताईंनी लॅटिन दोरीचं सांगितलं ते वाचून मला आमच्या साइटवरचा रोजचा दिवस दिसला. आमच्याकडे लाइन म्हणजे अजूनही दोरीच.

घर बांधायला घेतलं की पहिलं काम ‘लाइनआउट’. मोकळ्या जमिनीवर खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, तीन-चार-पाचच्या मापानं काटकोन जुळवायचा आणि मग दोरीच्या खालून फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, सोडत जायचं. पांढऱ्या फक्कीत घर जमिनीवर उमटतं, तेव्हा मालक बायकामुलांना घेऊन येतो. बायको त्या रेघांच्या आत उभी राहून विचारते, ‘हे स्वयंपाकघर? इतकंसं?’ फक्कीत सगळ्याच खोल्या लहान दिसतात, भिंती उठल्या की मोठ्या वाटतात. हे प्रत्येक मालकाला समजवावं लागतं.

मग भिंत. गवंडी आधी दोन्ही कोपऱ्यांच्या विटा ओळंब्यात आणि लेव्हलला बसवतो. त्या दोन विटांना लाइनदोरी गुंडाळून ताणतो, बोटानं छेडून बघतो. तारेसारखी वाजली पाहिजे. मग मधल्या विटा त्या दोरीला लावत जायच्या, पण दोरीला टेकवायच्या नाहीत, केसभर जागा सोडायची. एक वीट जरी टेकली तरी दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढचा सगळा थर पोट काढतो. माझा पहिला मिस्त्री म्हणायचा, ‘दोरीला हात लावू नको, दोरीला विचार.’

आणि आपल्या मराठीतही हेच घडलेलं आहे, ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सुतार हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ यावरून आला. सूत्र म्हणजे सूत, धागा. लाकडावर सरळ रेघ पाडायला सुतार सुताला रंग लावतो, दोन टोकं घट्ट धरतो, मधे उचलून सोडतो. फट्! रेघ तयार. सूत मारणं म्हणतात त्याला. त्याच सुतावरून माप झालं, इंचाचे आठ सूत. ‘एक सूत घास’ म्हटलं की रंधा किती फिरवायचा ते पोराला कळतं. इंग्रजीतही लाइन हे जुनं माप होतं, इंचाचा बारावा भाग. दोन्हीकडे धाग्याची रेघ झाली आणि रेघेचं माप झालं. कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. हातात दोरी असलेल्या माणसांना दोन्ही देशांत तेच सुचलं.

---

बोरूची_शाई

चर्चा छान चालली आहे, पण मला मनापासून एक काळजी वाटते ती मांडतो. लाइन या एका शब्दानं आपले किती शब्द मागे सारले ते पाहा.

अक्षरांची ओळ असते. पेन्सिलीची रेघ असते. भूमितीची, हातावरची, कपाळावरची आणि सरहद्दीची रेषा असते. माणसांची आणि डोंगरांची रांग. जेवणाऱ्यांची पंगत. पंढरपुरात विठ्ठलासमोर उभ्या असलेल्यांची बारी. या शब्दांत मराठी माणसानं किती बारीक भेद केलेला आहे! सह्याद्रीच्या डोंगररांगा म्हणतो, डोंगरओळी म्हणत नाही. काश्मीरमध्ये १९४९ साली ठरली ती युद्धबंदी रेषा, १९७२च्या सिमला करारानंतर झाली ती नियंत्रण रेषा. तिला नियंत्रण रेघ कोणी म्हणणार नाही. रेघ पुसता येते, रेषा पुसता येत नाही, हा भेद आपल्या कानाला शिकवावा लागत नाही. सिरिल रॅडक्लिफ जुलै १९४७ मध्ये पहिल्यांदा भारतात आले, पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर सीमा आखली, आणि स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर, १७ ऑगस्टला ती लोकांना कळली. नकाशावर ती रेघच होती. जमिनीवर तिची रेषा झाली.

कबड्डीच्या मैदानावर आम्ही निदान रेषा म्हणत मोठे झालो. आता मुलं बॉक लाइन म्हणतात. माझी नात बँकेत म्हणते, ‘आजोबा, लाइनीत उभे राहा.’ रांगेत उभं राहा म्हटलं तर काय बिघडतं? लाइन शब्दाशी माझं भांडण नाही. पण तो आला की चार-पाच शब्द उठून जातात, आणि उठून गेलेले शब्द परत येत नाहीत.

---

वावर_सहा_एकर

बोरूची_शाई काका, तुमची काळजी खरी आहे. पण शेतात या, इथं एकही शब्द उठून गेलेला नाही. नांगराचं किंवा पेरणीचं ते तास. पाणी देतो ती सरी. निंदताना बाया आपापल्या अंगावर घेतात ती पात, ‘माझी पात लागली’ म्हणतात. फळबागेत झाडांची ओळ. लाइन हा शब्द यातल्या कुणाच्याच जागेवर आलेला नाही. तो आला विजेबरोबर आणि पाइपाबरोबर, म्हणजे ज्या वस्तू आधी नव्हत्या त्यांच्याबरोबर. पाइपलाइन, थ्री फेजची लाइन, ठिबकची लॅटरल लाइन. ज्याला आपल्याकडे नावच नव्हतं तिथं तो बसला.

आणि त्यालाही आपण मराठी करून घेतला आहे. ‘लाइनी’, ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’. तो स्त्रीलिंगी का झाला याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं, ओळ, रेघ, रेषा, रांग, दोरी, तार, सरी, पात, सगळ्या ‘ती’ आहेत. सगळ्या बहिणींमध्ये येऊन बसला तर ‘ती’च होणार.

---

बोरूची_शाई

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. लिंगाचं निरीक्षण फार आवडलं, जपून ठेवतो. ‘पात’ हा शब्द तर पन्नास वर्षांनी ऐकला. आई निंदायला जायची. आभारी आहे.

बँकेतल्या रांगेबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

---

दर्यावर्दी

रत्नागिरी. मर्चंट नेव्हीत २२ वर्षं, आता घरी. ओळंबा यांनी दोरीचं लिहिलं म्हणून मला राहवेना.

जहाजावर दोराला दोर म्हणणं नवख्याचं लक्षण. गुंडाळून ठेवलेला असेल तोपर्यंत तो रोप. कामाला लागला की लाइन. बंदराला लागताना आधी हीव्हिंग लाइन फेकायची. करंगळीएवढी बारीक दोरी, तिच्या टोकाला मुठीसारखी गाठ, तिला मंकीज फिस्ट म्हणतात. ती वजनानं लांब जाते. धक्क्यावरचा माणूस ती पकडतो, ओढत जातो, आणि तिच्या मागून मनगटाहून जाड मुअरिंग लाइन पाण्यातून ओल्या सापासारखी वर येते. मला ही फेक शिकायला तीन महिने लागले. पहिल्यांदा धक्क्यावर पोचली तेव्हा मुकादमानं पाठीवर थाप मारली होती, ती अजून आठवते.

हीच लाइन ताणात तुटली तर मागे उसळते. आवाज बंदुकीसारखा. समोर आलेला माणूस वाचत नाही, म्हणून डेकवर कुठे उभं राहायचं नाही हे आधी शिकवतात. निवृत्त वायरमन म्हणतात ना, हळू आवाजात बोलतो, तसंच आमचंही.

आणखी दोन लाइनी सांगतो. जहाजाच्या पोटावर रंगवलेली प्लिमसॉल लाइन तुम्ही पाहिली असेल, गोल आणि त्यातून आडवी रेघ. माल भरताना पाणी त्या खुणेच्या वर चढता कामा नये. पूर्वी मालक विम्याच्या भरवशावर जुनी जहाजं वाटेल तेवढी भरायचे आणि खलाशी बुडायचे. सॅम्युएल प्लिमसॉल हे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्याविरुद्ध भांडले आणि १८७६ साली कायदा झाला. एक रंगाची रेघ, पण तिनं किती खलाशांना घरी पोचवलं असेल! मी प्रत्येक बंदरात खाली उतरलो की आधी तिच्याकडे बघायचो.

दुसरी लाइन म्हणजे विषुववृत्त. खलाशी नुसतं ‘द लाइन’ म्हणतात. पहिल्यांदा ओलांडली की कोणीतरी दाढी लावून समुद्राचा राजा नेपच्यून बनतो आणि नव्या पोरांना खाऱ्या पाण्यानं न्हाऊ घालतो. मला न्हाऊ घातलं तो नेपच्यून गोव्याचा होता, आमचा आचारी. मग सर्टिफिकेट मिळतं. माझं अजून भिंतीवर आहे.

किनाऱ्यावर बसून आम्ही गरवतो, म्हणजे गळानं मासे धरतो, त्या गरीच्या दोरीला मात्र घरी कोणी लाइन म्हणत नाही. ती दोरीच.

---

काजबटण

मी शर्ट शिवणाऱ्या छोट्या कारखान्यात मार्केटिंग आणि खरेदी बघते. आमच्या कारखान्यात सकाळी आठला ‘लाइन चालू’ म्हणजे शिवणयंत्रांची रांग सुरू. कॉलर करणारी वेगळी, बाही लावणारी वेगळी, शेवटी काज आणि बटण.

बटणंही लाइनीवर मोजतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. शर्टच्या पुढच्या पट्टीला अठरा लाइनचं बटण. चाळीस लाइन म्हणजे एक इंच, त्यावरून हिशोब करा. ओळंबा दादांच्या इंचाच्या बाराव्या भागाहून हे माप वेगळं. हे माप फ्रेंचांकडून आलं, त्यांच्या ‘लिन्य’ शब्दाचं आपण लाइन केलं. तोही पुन्हा लॅटिन दोरीचाच नातू.

ताईंच्या कोशात अस्तराचा उल्लेख आहे. कोटाला आतून जे लायनिंग लावतात, त्याचा अर्थ मुळात ‘आतून लिनन लावणं’. बाहेर लोकर टोचायची, म्हणून आत मऊ लिनन. आता अस्तर पॉलिस्टरचं असतं, तरी नाव जवसाचंच राहिलं. आमच्याकडे एक जुने कारागीर आहेत, ते कधी लायनिंग म्हणत नाहीत, ‘अस्तर’च म्हणतात. बोरूची_शाई काकांना बरं वाटेल.

---

पहिलं_पान

वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, रात्रपाळीला. आमच्या धंद्यात हेडलाइन, बायलाइन (बातमीदाराचं नाव), डेटलाइन (बातमीचं ठिकाण आणि तारीख) आणि सगळ्यांच्या वर डेडलाइन. शेवटच्या शब्दाचा जन्म कळल्यापासून मी तो सहज वापरत नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं दक्षिणेकडच्यांनी युद्धकैद्यांची छावणी उघडली. भोवती लाकडी ओंडक्यांची उंच भिंत. भिंतीच्या आत, थोडं अंतर सोडून, खांब रोवून त्यांवर आडव्या पट्ट्यांचा बुटका कठडा केलेला होता. ती ‘डेड लाइन’. तिच्या पलीकडे पाय पडला की पहारेकरी न विचारता गोळी घालत. छावणीतून वाहणारा ओढा वरच्या अंगाला जरा स्वच्छ होता, आणि तो भाग त्या कठड्याजवळ होता. तहानेनं हात पुढे केलेलीही माणसं मेली. चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी तिथं आले, जवळजवळ १३ हजार दगावले, बहुतेक रोगानं आणि उपासमारीनं. छावणीचा अधिकारी हेन्री वर्झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी दिलं.

पुढे १९२०च्या सुमारास अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी हा शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रूढ केला. मी माझ्या पानावरच्या नवीन मुलांना ‘मुदत किती वाजता’ असं विचारायला लावतो. मुदत हा चांगला शब्द आहे, त्यात कोणी मरत नाही.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथं रांगेला ‘लाइन’च म्हणतात, ‘क्यू’ म्हटलं की तुम्ही इंग्लंडहून आलात का असं विचारतात. न्यूयॉर्कच्या जुन्या रहिवाशांची तर आणखी वेगळी तऱ्हा, ते ‘इन लाइन’ न म्हणता ‘ऑन लाइन’ उभे असतात. पहिल्यांदा दुकानात एका आजीबाईंनी मला ‘आर यू ऑन लाइन?’ असं विचारलं तेव्हा मी खिशातला फोन काढून दाखवला. त्या रांगेबद्दल विचारत होत्या.

आई इथं आली होती तेव्हा दुकानात सरळ म्हणायची, ‘तू भाजी घे, मी नंबर लावते.’ बोरूची_शाई यांच्या यादीत ‘नंबर लावणे’ही घाला, तेही मराठीच झालं आहे.

---

कॉलेजकट्टा

सगळे मोठे लोक लिहीत आहेत म्हणून थांबले होते. पण आमच्या वयात लाइनचा पहिला अर्थ कोणता ते सगळ्यांना माहीत आहे. लाइन मारणे, लाइन देणे. कोणी लिहिलंच नाही!

ओळंबा दादांचं सुताचं वाचलं आणि मला एकदम सुचलं. आजीच्या वेळी दोघांचं ‘सूत जुळायचं’. आमच्या वेळी ‘लाइन देते’. म्हणजे आजीच्या शब्दातही धागा आणि आमच्याही. मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आमचं सूत दोन्हीकडून जुळायचं, तुमची लाइन एकाच बाजूनं असते.’

---

बोरूची_शाई

आजींना नमस्कार सांगा.

---

शिरोरेघ

मी अक्षरलेखन शिकवतो, म्हणून फक्त वहीबद्दल. मराठीची वही दुरेघी, इंग्रजीची चाररेघी. मुलांना दोन्ही एकाच वर्षी देतात आणि अक्षरं का बिघडतात म्हणून पालक विचारतात. कारण साधं आहे. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, मराठी अक्षर रेघेला लटकतं. रोमन लिपीत हाताला खालची रेघ आधार देते, आपल्याकडे वरची. मी मुलांना सांगतो, इंग्रजी शब्द म्हणजे बाकावर बसलेली मुलं आणि मराठी शब्द म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे. दुसऱ्या दिवशीपासून अक्षरं वरच्या रेघेला चिकटतात. पाटीपेन्सिल ताई, वर्गात करून बघा.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. कळवीन म्हटलं होतं, म्हणून लिहिते.

सोमवारी शाळेत सुतळी घेऊन गेले. दोन मुलांना वर्गाच्या दोन टोकांना उभं करून ती ताणायला लावली आणि सांगितलं, ही पहिली लाइन, बाकीच्या सगळ्या हिच्यातून निघाल्या. मग फळ्यावर मधोमध लाइन लिहून विचारलं, तुमच्या घरी ही कुठं कुठं येते? फळा अर्ध्या तासात भरला. एका मुलीची आई शिवणकाम करते, तिनं अस्तर सांगितलं. एकाचा काका पुण्याला गवंडीकाम करतो, त्यानं ‘फक्की’ हा शब्द दिला आणि मला समजावलाही. ‘लाइट आहे, लाइन नाही’ सांगायला सगळा वर्ग एकदम ओरडला. जवसाचं सांगितल्यावर एकीनं मधल्या सुट्टीत डब्यातली चटणी माझ्या हातावर ठेवली.

त्या मुलाचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं, फक्त क्रियापदं सुधारून. ‘व्हेन द लाइन कम्स ॲट नाइट, माय फादर गोज टू द फार्म.’ सगळ्यांनी वहीत उतरवलं. त्याच्या पेपरवर मी माझा शब्द खोडला, त्याचा परत लिहिला, दीड गुण केला आणि खाली सही केली.

त्यानं पेपर नीट घडी करून दप्तरात ठेवला. मी विचारलं, ‘काल रात्री बाबा गेले होते का रे वावरात?’

‘नाही मॅडम,’ तो म्हणाला, ‘या हप्त्यात लाइन दिवसा आहे. बाबा रात्रभर झोपले.’